रविवारी विनिता येणार होती

"झाकणाला हात लावू नका!"

मी इतक्या जोरात ओरडले की समोरचा चहावालासुद्धा हातात गाळणं धरून तसाच थांबला. ज्याच्यासाठी ओरडले होते तो माणूस मात्र शांतपणे खिशातून रुमाल काढून, त्याची चौकोनी घडी घालून, उकळत्या रेडिएटरच्या झाकणावर ठेवत होता. आता अशा माणसाला शब्दांनी काय समजावणार? मी धावले आणि त्याच्या मनगटावर फाडकन एक चापट मारली.

"आई गं!"

"आई गं काय? झाकण उघडलं असतं तर सगळं पाणी तोंडावर आलं असतं. मग आईनंसुद्धा ओळखलं नसतं."

वाफ अजून येतच होती. त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या होत्या. त्यानं चष्मा काढला, त्याच रुमालानं पुसला, परत लावला आणि माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं... आणि ज्या हातानं मी मारलं होतं त्या हाताला उगाचच घाम सुटला.

"मारता छान हे कळलं," तो म्हणाला. "नाव नाही कळलं."

"नाव बोर्डावर आहे."

त्यानं मान वर करून बोर्ड वाचला. 'काळूराम घरत रेडिएटर वर्क्स, पळस्पे फाटा'. मग अगदी गंभीर चेहऱ्यानं हात जोडून म्हणाला, "नमस्कार, काळूरामजी."

मी हसले नाही. ओठ दाताखाली धरला, पण हसले नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढच्या तीन दिवसांत मी जे केलं त्यात अभिमान वाटावा असं फारसं काही नाही.

ही गोष्ट जानेवारी २०१३ची, गुरुवारची. काळूराम म्हणजे माझे बाबा. मी प्रांजल. पनवेललाच मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, नोकरी लागेपर्यंत दुकानात बसते म्हणाले आणि त्याला तीन वर्षं झाली. बिलं मी करायची आणि रेडिएटर बाबांनी उघडायचे, अशी आमची वाटणी. गोव्याला निघालेल्या गाड्या आमच्या फाट्यावरून वळतात, आणि ज्या धापा टाकत परत येतात त्या आमच्याकडे थांबतात.

पण असली गाडी कधी आली नव्हती. जुनी मिनीबस, कधीकाळी एखाद्या शाळेची असावी. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, टपावर पाण्याची टाकी आणि मागे शिडी. तो तिला मोटारहोम म्हणत होता. बाबा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "काय रं पोरा, घराला चाकं लावलीस का चाकांवर घर बांधलास?"

"दोन्ही थोडं थोडं, काका," तो म्हणाला.

त्याचं नाव मिथुन. ठाण्याचा. नोकरी सोडून सहा महिने ह्या गाडीत झोपत, रांधत, हिंडत होता, आणि कुठलंसं मासिक त्याच्याकडून प्रवासाचे लेख घेत होतं. बाबांनी रेडिएटर उतरवून हौदात बुडवला तेव्हा तो मला म्हणाला, "गाडी आतून बघणार का? बघा ना. पण मारू नका कशाला."

बघितली. आणि तिथंच सगळं बिघडलं.

आत छोटा ओटा होता, त्यावर शेगडी. घडीचा पलंग. आणि भिंतीवरच्या फळीत डब्यांची रांग, प्रत्येक डब्यावर कागदाची पट्टी आणि पट्टीवर सुंदर, गोल, बाईच्या हातचं अक्षर. 'चहा'. 'साखर – कमी घाल!' 'पोहे (संपले की लगेच सांगायचं, काय?)'

त्या 'काय?'कडे मी बघत राहिले. असं 'काय?' कोणी कोणाला उगाच लिहीत नाही.

"बहीण का?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाही... विनिता," तो म्हणाला. आणि मग, मी विचारलं नसताना, सगळं सांगून टाकलं. गाडी दोघांनी मिळून सजवली होती. पडदे तिने शिवले. गेल्या मे महिन्यात लग्न व्हायचं होतं, एप्रिलमध्ये तिने मोडलं. आता परवा तिचाच फोन आला होता. एकदा गोव्यापर्यंत बरोबर जाऊन बघू या, जमतंय का, असं म्हणाली. रविवारी सकाळी ती पुण्याहून पनवेलला येणार होती. गाडी तोवर धडधाकट असावी एवढंच त्याला हवं होतं.

एका माणसाला ओळखून मला जेमतेम एक तास झाला होता. त्याचं लग्न जमो, मोडो, परत जमो, माझं काय जात होतं? तरीसुद्धा मी पडद्याचं टोक उलटून शिवण तपासली. पडदे तर मला फारच वाईट वाटले. शिवण सरळ होती, हे त्याहून वाईट.

बाहेर आले तर बाबांच्या हातात थर्मोस्टॅट.

थर्मोस्टॅट म्हणजे मुठीत मावेल एवढी पितळी झडप. इंजिन गार असतं तेव्हा ती पाणी अडवून धरते आणि तापलं की रेडिएटरकडे जायला वाट करून देते. आमच्या फाट्यावरच्या सगळ्याच मिस्त्रींची एक जुनी श्रद्धा आहे, की ही झडप थंड देशांतल्या गाड्यांसाठी आहे, आपल्याकडे तिचं काही काम नाही. बाबा तर रेडिएटरच्या प्रत्येक कामाबरोबर ती काढून देतात, प्रेमानं आणि फुकट. काढलेल्या झडपांचा एक पत्र्याचा डबा दुकानात भरलेला आहे.

"बाबा, ह्या इंजिनाची नका काढू," मी म्हणाले. "हिची खालची तबकडी—"

"मॅडम, बिल करा," बाबा म्हणाले. "बावीस वर्सं आमी काय चुरमुरे खाल्ले नाय."

एरवी मी भांडले असते. ह्या इंजिनात पाण्याला दोन वाटा असतात. एक लांबची, रेडिएटरमधून थंड होऊन येणारी, आणि एक जवळची, तशीच गरम परत फिरणारी. झडप उघडताना तिची खालची तबकडी ती जवळची वाट बंद करते. झडपच नसेल तर ती वाट सताड उघडी. सपाट रस्त्यावर काही कळत नाही, पण चढाला लागली की गाडी उकळणारच. हे मला पुस्तकासकट पाठ होतं. पण माझं डोकं त्या 'काय?'मध्ये अडकलं होतं. मी बिल केलं.

चारच्या सुमारास तो कर्नाळ्याच्या बाजूला निघून गेला. शनिवारपर्यंत तिकडेच कुठेतरी राहणार होता. जाताना खिडकीतून हात हलवला. मी हलवला नाही. चला, सुटलो, असं स्वतःला म्हणाले, आणि संध्याकाळी आईनं विचारलं की भाकरी का उरवलीस, तर तिच्यावरच खेकसले.

शुक्रवारी अकरा वाजता फाट्यावर वाफेचा लोट दिसला आणि माझं काळीज असं उडालं की मला बिलबुक तोंडासमोर धरावं लागलं.

"कर्नाळ्याच्या चढाला उकळली," मिथुन उतरत म्हणाला. ह्या वेळी झाकणापासून चार हात लांब उभा राहिला आणि मला म्हणाला, "बघा, शिकलो."

बाबांनी फॅन बेल्ट बदलला. मला माहीत होतं, बेल्टचा काही संबंध नाही. सांगणारच होते. खरंच सांगणार होते, दुपारच्या चहाला. पण चहाला तो दुकानाच्या पायरीवर माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "तुम्हाला सतत राग येतो की मलाच बघून येतो?"

"तुम्हाला बघून जास्त येतो."

"म्हणजे काहीतरी येतं."

मी बशीत चहा ओतला. गाडी दुरुस्त झाली की रविवार येणार, रविवारी विनिता येणार. गाडी दुरुस्त नाही झाली तर... रविवार आला तरी काय बिघडतं? आणि बाबांची चूक गिऱ्हाइकासमोर कशी काढायची, अशी एक छान सबबही मला मिळाली. सबब चांगली असली की माणूस स्वतःलासुद्धा फसवतो.

त्या रात्री गाडी आमच्या आवारातच राहिली आणि तो आमच्याकडे जेवला. आईनं त्याला सुक्या जवळ्याची चटणी वाढली. त्यानं तीन वेळा मागून घेतली आणि तिसऱ्यांदा आई त्याला 'बाला', म्हणजे बाळा, म्हणाली. आई गिऱ्हाइकाला बाला म्हणत नाही.

शनिवारी सकाळी बाबांनी मला त्याच्याबरोबर पाठवलं. "चढापर्यंत ने, नि काट्यावर नजर ठेव."

शिरढोण मागे पडेपर्यंत काटा अगदी शहाण्यासारखा मधोमध होता. खिडकीतून गार वारा येत होता. मिथुन शिटी वाजवत होता आणि मी चोरून त्याच्या मनगटाकडे बघत होते, अजून वळ आहे का ते. मग चढ लागला. काटा हलला. मला माहीत होतं तो हलणार, तरी मी "अरेच्चा!" म्हणाले. असली नाटकी 'अरेच्चा' मी आयुष्यात कधी म्हटली नव्हती.

कडेला झाडाखाली गाडी लावली. गार व्हायला हवी होती. जवळजवळ तासभर आम्ही पायरीवर बसून होतो. समोर कर्नाळ्याचा सुळका, मध्येच एखादं माकड, आणि वाळलेल्या पानांचा वास.

"तू गाड्यांत कशी काय?" त्यानं विचारलं. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"लहानपणी बाबा हौदात रेडिएटर बुडवायचे. जिथून बुडबुडे येतील तिथे मी बोट ठेवायचे. गळती शोधायचं काम माझं. मला वाटायचं, आपण नसलो तर दुकान बंदच पडेल."

तो हसला नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, "माझ्या घरी सगळे म्हणतात, ही गाडी म्हणजे वेडेपणा आहे. पण सकाळी दार उघडलं की रोज नवीन अंगण असतं. कालचं तुमचं होतं... सगळ्यात छान होतं."

मी पायाजवळची एक काटकी उचलली. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. तो उठून दोन झाडं पलीकडे जाऊन बोलायला लागला. मला शब्द ऐकू येत नव्हते, हसणं येत होतं. एकदा हसला. दोनदा हसला. तिसऱ्यांदा हसला तेव्हा माझ्या हातातल्या काटकीचे अकरा तुकडे झाले होते.

"विनिता होती," परत येऊन म्हणाला.

"असं? मला वाटलं, माकडं हसवतायत."

"तू चिडलीस?"

"मी कशाला चिडू? माझी का गाडी आहे?"

संध्याकाळी बाबांनी पोपटी लावली. जानेवारीत आमच्याकडे पाहुणा आला आणि पोपटी झाली नाही, असं होत नाही. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी, आणि भोवती जाळ. ऊन उतरलं होतं, धुराचा आणि पाल्याचा तो कडवट गोड वास आवारभर पसरला होता. मिथुन शर्ट दाखवायला गाडीतून बाहेर आला. एका हातात निळा, एका हातात पांढरा.

"उद्या कुठला घालू?"

मला विचारलं. मला! तिच्यासाठी!

"पांढरा," मी म्हणाले. पांढऱ्यावर चहाचा डाग होता.

बाबांनी जाळ सारखा केला. मग म्हणाले, "पोरा, बेल्ट झाला, पंप पन बघला. आता एकच हाय. उद्या सकाळी इंजिनाचा हेड उतरवायचा. दहा-बारा दिवस लागतील, नि खर्च मोठा हाय."

मिथुनच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तेवढे नाहीयेत माझ्याकडे, काका," तो म्हणाला. "हेड उतरवावं लागत असेल तर... कळंबोलीचा एक भंगारवाला मागे बोलला होता. त्याला फोन करतो. आणि विनिताला सांगतो, नको येऊ म्हणून."

तो उठला, गाडीपाशी गेला आणि तिच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभा राहिला. आजारी जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा.

मी जिंकले होते. विनिता येणार नव्हती. तिचे पडदे, तिचे डबे, तिचं सुंदर अक्षर, सगळं भंगारात जाणार होतं. मला तर उड्या मारायला हव्या होत्या. पण घशाखाली शेंग उतरेना. ज्या माणसाला रोज नवीन अंगण लागतं त्याचं दारच मी काढून घेत होते, आणि ते कशासाठी? तर दुसरीला मिळू नये म्हणून. त्या रात्री मला झोप आली नाही आणि ती यावी अशी माझी लायकीही नव्हती.

रविवारी सकाळी नऊ वाजता फाट्यावर रिक्षा थांबली आणि विनिता उतरली.

त्याचा निरोप तिला मिळालाच नव्हता. मोबाईल बंद होता म्हणे. मी तिला वाईट दिसावं म्हणून जेवढे नवस करता येतील तेवढे मनात केले होते, सगळे फुकट गेले. साधी सुती कुर्ती, खांद्यावर पिशवी, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण, तरी छान दिसत होती. वर स्वभावानंही बरी निघाली. मला म्हणाली, "तू प्रांजल ना? काल फोनवर सगळा वेळ तुझ्याच गोष्टी सांगत होता. तू मारलंस म्हणे याला."

तिच्यामागे डाग असलेला पांढरा शर्ट घालून मिथुन उभा होता. आणि बाबा हेडच्या पहिल्या बोल्टला पाना लावत होते.

"बाबा, थांबा," मी म्हणाले.

"काय गो?"

"हेड नका उतरवू. हेडला काही झालेलं नाही. थर्मोस्टॅट काढलात म्हणून उकळते ती."

बाबांचा पाना तसाच राहिला. मी सगळं सांगितलं. दोन वाटा, खालची तबकडी, सपाटीवर का तापत नाही आणि चढावर का तापते.

"हे तुला कधी कळलं?" मिथुननं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. आज सकाळी, म्हणता आलं असतं.

"गुरुवारी," मी म्हणाले. "बाबांनी काढला तेव्हाच."

"गुरुवारी?" त्याचा आवाज एकदम खाली गेला. "काल मी... भंगारवाल्याला... तू समोर बसली होतीस. का नाही बोललीस?"

"कारण ही येणार होती," मी विनिताकडे बोट दाखवलं. "गाडी सुधारली असती तर तू हिच्याबरोबर गेला असतास. मला ते नको होतं. मला तू आवडतोस. मला हिचे पडदे आवडत नाहीत, हिचे डबे आवडत नाहीत, आणि ही चांगली आहे हे तर अजिबात आवडलेलं नाही. झालं?"

आई दारात येऊन उभी होती, ती पदर तोंडाला लावून आत पळाली. बाबा आभाळाकडे बघायला लागले. विनिता माझ्याकडे नीट, शांतपणे बघत होती. मिथुनचे कान लाल झाले होते, जबडा आवळला होता. तो वळून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

मी बाबांच्या डब्यातून तीच झडप शोधली, साफ केली, गरम पाण्यात टाकून उघडते का पाहिली. सांध्यात बसवायला जाड कागदाचं गास्केट कापलं. चाळीस मिनिटं मी मान वर केली नाही. विनितानं एकदा न विचारता टॉर्च धरला. मी आभार मानले नाहीत.

गाडी सुरू झाली. मिथुन आला, बाबांच्या पाया पडला, स्टिअरिंगवर बसला. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. विनिता शेजारी बसली आणि मी माझ्या हातांनी बरी केलेली गाडी तिला घेऊन गोव्याच्या रस्त्याला लागली.

बाबा दुकानात गेले. मग तो पत्र्याचा डबा उचलून त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

"ह्यातले कुठले नव्हते काढायचे, ते सांग," म्हणाले. "बावीस वर्सं लोकांच्या गाड्या चढावर उकळल्या असतील. शिव्या देत असतील मना."

"सगळ्याच नाही, बाबा. थोड्याच."

"नि तू? रडतीस का?"

"धूर गेला डोळ्यात."

"पोपटी काल हुती," बाबा म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दीडच्या सुमारास पेणकडून येणारी सिक्स सीटर रिक्षा फाट्यावर थांबली. आणि तिच्यातून विनिता उतरली. एकटी.

मी उठून उभी राहिले. "गाडी परत उकळली?"

"गाडीला काय धाड भरलीय?" ती पायरीवर बसली. "पाणी दे आधी."

दिलं. ती घटाघटा प्याली आणि म्हणाली, "चढ संपेपर्यंत नुसता चिडचिडत होता. प्रांजलनं असं केलं, प्रांजलनं तसं केलं, प्रांजलला काय वाटतं, ती कोण समजते स्वतःला... मी लग्न मोडलं ना, तेव्हा हा माणूस मला 'ठीक आहे' म्हणाला होता. फक्त ठीक आहे. आता परत भेटू म्हटलं, तेव्हाही ठीक आहे. सहा वर्षांत माझ्यावर एकदा एवढा चिडला असता तर मी कशाला गेले असते?"

मी तिचा पेला परत भरला.

"मग मीच म्हटलं, उतरव मला," ती म्हणाली. "वाईट वाटलं नाही असं नाही. पण बरं झालं, गोव्यापर्यंत जावं लागलं नाही."

"आणि तो?"

"चढ संपतो तिथे बसलाय. पुढे जात नाही, मागे येत नाही. म्हणतो, आता गाडीत काही बिघाडच नाही, तर कुठल्या तोंडानं दुकानात जाऊ?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा डब्यातल्या झडपा मोजत होते, म्हणजे मोजत नव्हतेच. मान न उचलता म्हणाले, "पेणची यष्टी दोनला हाय. परत येताना त्याला घेऊन ये, जेवला नसंल."

एस्टीतून उतरले तेव्हा तो गाडीच्या पायरीवर बसलेला होता. मला बघून उठला नाही.

"बंद पडली?" मी विचारलं.

"नाही. सगळा चढ चढली, हूं की चूं केलं नाही."

"मग थांबलास का?"

"तुझ्यावर चिडायला. चालवताना नीट चिडता येत नव्हतं."

"चिड मग."

"चिडतोच आहे." त्यानं चष्मा काढला, पुसला, लावला. "तीन दिवस, प्रांजल. तीन दिवस मी स्वतःला मूर्ख समजत होतो. गाडीवर हात ठेवून अक्षरशः रडायचा बाकी होतो काल. आणि तू शेंगा खात होतीस."

"खात नव्हते. उतरतच नव्हत्या घशाखाली." मी त्याच्यासमोर रस्त्यावरच उभी होते. ट्रक जात होते, ओढणी उडत होती. "चुकले मी. फार चुकले. पण खोटं नाही सांगणार... सकाळी बोलले ते गाडीसाठी बोलले. विनितासाठी नाही. ती तुझ्या शेजारी बसली तेव्हा मला तिची वेणी ओढावीशी वाटली."

त्याच्या ओठांचा कोपरा हलला. त्यानं तो आवरला. मग थोडा सरकला आणि पायरीवर माझ्यापुरती जागा केली.

मी बसले. खांद्याला खांदा लागला.

"काल खाली चढावर बसलो होतो ना," तो म्हणाला, "गाडी अर्ध्या तासातच गार झाली होती. मी हात लावून बघितलं होतं, तू माकडं बघत होतीस तेव्हा."

मी त्याच्याकडे वळले. "मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

मग मात्र मी हसले. ओठ दाताखाली वगैरे काही नाही, खळखळून हसले. तो हसला नाही. त्यानं माझा हात घेतला, गुरुवारी ज्या हातानं मारलं होतं तो, आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. "मला तू आवडतेस," म्हणाला. "पण अजून थोडा चिडलेलोच आहे. चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. "ठीक आहे म्हणू नकोस फक्त."

गाडी वळवली आणि आम्ही पळस्प्याकडे निघालो. उतार होता, ऊन कलायला लागलं होतं. मी पुढच्या सीटवर बसले होते आणि ती सीट थोडी मागे सरकवून ठेवली होती, कोणाच्या तरी पायांच्या मापानं. मी ती पुढे ओढून घेतली. तेवढ्यात समोर ठेवलेला त्याचा फोन वाजला. नाव दिसलं. विनिता.

"उचल ना," मी म्हणाले. चांगल्या मुली असं म्हणतात, म्हणून म्हणाले.

"मी चालवतोय. तूच उचल."

उचलला. मागे एस्टीची घंटी आणि इंजिनाचा घरघराट. "भेटला?" तिने विचारलं.

"भेटला."

"चिडलाय अजून?"

मी त्याच्याकडे पाहिलं. नजर रस्त्यावर, कान माझ्याकडे. "थोडासा."

"राहू दे थोडासा," ती म्हणाली आणि हसली. इतकं गोड हसली की माझ्या कपाळावर आपोआप आठी पडली.

"दे ना जरा," मिथुननं एक हात पुढे केला. "थँक्यू तरी म्हणतो तिला."

मी फोन बंद केला आणि सरळ माझ्या पर्समध्ये टाकला.

"तुझ्या वतीनं मी म्हणेन नंतर," मी म्हणाले. "तू रस्त्याकडे बघ."